शाल नको, जनरल शिफ्ट द्या

निरोपाचा कार्यक्रम कँटीनमध्ये होता. टेबलं भिंतीला सरकवलेली, कागदी डिशमध्ये समोसा आणि पेढा, मागे फ्लेक्स. फ्लेक्सवर मामांचं, म्हणजे त्या दिवशी निवृत्त होणाऱ्या आमच्या सहकाऱ्याचं, आडनाव चुकलेलं. ३१ वर्षं एकाच गेटातून आत गेलेल्या माणसाचं आडनाव शेवटच्या दिवशी चुकतं आणि छापून भिंतीला टांगेपर्यंत ते कुणाच्याही लक्षात येत नाही. एचआरच्या साहेबांनी शाल घातली, नारळ दिला, भिंतीवरचं घड्याळ दिलं. माइक मामांच्या हातात आला. आता आभार मानणार, असंच सगळ्यांना वाटलं.

मामा म्हणाले, "साहेब, जनरल शिफ्टसाठी मी तीन अर्ज दिले होते. उत्तर अजून आलेलं नाही. आज तरी द्या. नाही म्हणायचं तर नाही म्हणा, पण लेखी म्हणा."

साहेबांनी पेढ्याची डिश पुढे केली.

मामांना ५३ व्या वर्षी इन्सुलिन सुरू झालं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, जेवण आणि झोप वेळेवर. तीन पाळ्यांच्या कारखान्यात दर तिसऱ्या आठवड्याला रात्रीचे ११ ते सकाळचे ७. त्या आठवड्यात जेवण कधी, सुई कधी, झोप कधी, सगळंच उलटंपालटं. मामांनी चिठ्ठीची झेरॉक्स जोडून जनरल, म्हणजे कायम दिवसाच्या, शिफ्टसाठी पहिला अर्ज दिला. तोंडी उत्तर मिळालं, "बघू." पाच वर्षं त्या एका "बघू"वर गेली आणि पाचव्या वर्षी शाल आली.

मी मामांच्याच लाइनीवर २२ वर्षं काढली. हल्ली संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या ऑफिसात टेबल टाकून बसतो आणि भोसरी-चाकणकडच्या लोकांना पीएफचे, पेन्शनचे फॉर्म भरून देतो. त्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसून लोक जे बोलतात, त्यावरून सांगतो. वय झालं की माणसाच्या अपेक्षा आटतात, थोडक्यात भागतं, हा मालकांचा समज साफ खोटा आहे. अपेक्षा तेवढ्याच राहतात, फक्त जागा बदलतात. पगाराच्या आकड्यावरून उठून त्या शरीरावर, कागदावर आणि बोलण्याच्या पद्धतीवर येऊन बसतात. यातलं बहुतेक काही मालकाला फार थोड्या पैशात देता येतं, काही तर फुकट. तरी नेमकं तेच अडवून धरतात, याचा मला राग आहे.

पगाराच्या स्लिपवर माणसाचं बोट कुठे ठेवलंय ते बघा, वय कळेल. पंचविशीतला पोरगा थेट खालच्या आकड्यावर जातो. हातात किती आले? ओव्हरटाइम धरला का? शेजारच्या कंपनीत दोन हजार जास्त मिळत असतील तर तो दिवाळीचा बोनस घेऊन निघून जातो, आणि त्यात चूक काही नाही. बाइकचा हप्ता असतो, बहिणीचं लग्न असतं. चाळिशीत तोच माणूस विचारतो, मेडिक्लेममध्ये आईवडील बसतात का? परमनंटच्या यादीत नाव कधी येणार? पन्नाशी उलटली की बोट सरकत सरकत वरच्या ओळीवर येतं. बेसिक किती?

हा प्रश्न उशिरा पडतो, कारण त्याचं महत्त्व उशिरा कळतं. ग्रॅच्युइटीचा कायदा १९७२ साली आला. शेवटचं बेसिक अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. बेसिक आणि डीए मिळून २६,००० असेल आणि वर्षं ३० झाली असतील तर साडेचार लाख. त्याच माणसाच्या स्लिपवर बेसिक १३,००० दाखवून उरलेले पैसे घरभाडं, धुलाई, कन्व्हेअन्स असल्या भत्त्यांत पसरले असतील तर सव्वादोन लाख. हातात दर महिन्याला तेवढेच पडत होते म्हणून ३० वर्षं कळलंच नाही. २१ नोव्हेंबर २०२५ ला नवी वेतन संहिता लागू झाली. तिच्यात भत्ते निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनातच धरायचा, असं आहे. तेव्हापासून माझ्या टेबलावर पन्नाशीच्या लोकांची रांग वाढली आहे. प्रत्येकाच्या हातात स्लिप, आणि प्रत्येकाचं बोट वरच्या ओळीवर.

कागदाचं दुखणं याहून मोठं आहे. या पिढीतल्या निम्म्या लोकांची जन्मतारीख माझ्यासमोर १ जून अशीच येते. शाळेत घालताना गुरुजींनी ती लिहिली, आणि तीच खरी झाली. मग आधारवर एक तारीख, पीएफच्या नोंदीत दुसरी. कंपनीतल्या क्लार्कने नव्वदच्या दशकात घाईत "ज्ञानोबा" लिहिलं, आधारवर "ज्ञानेश्वर" आहे. दोघं एकच माणूस आहेत हे सिद्ध करायला जॉइंट डिक्लरेशन लागतं, आणि त्यावर कंपनीची सही. ही सही मिळवायला ५८ वर्षांचा माणूस आपल्याच जुन्या गेटवर व्हिजिटरचा बिल्ला लावून उभा राहतो. वॉचमन विचारतो, कोणाकडे काम आहे? ज्याच्याकडे काम आहे तो साहेब दोन वर्षांपूर्वी जॉइन झालेला, याला ओळखत नाही. कंपनीच बंद पडली असेल तर मग विचारूच नका.

चूक क्लार्कची, हेलपाटे कामगाराचे. ५५ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला कंपनीने बोलावून घ्यावं, समोर बसवून नाव, तारीख, वारस आणि जुन्या नोकरीची वर्षं तपासावीत आणि जे चुकलंय ते तो नोकरीत असतानाच दुरुस्त करून द्यावं. एका माणसामागे एक तास लागतो. मी रोज करतो, म्हणून सांगतो.

पेन्शनचंही बघा. १६ नोव्हेंबर १९९५ पासून मालकाच्या पीएफ हिश्शातले ८.३३ टक्के पेन्शन फंडात जातात, पण ठराविक मर्यादेपर्यंतच्या पगारावर. सप्टेंबर २०१४ मध्ये ती मर्यादा १५,००० झाली. पगार गुणिले वर्षं, भागिले ७०. कुणी १५,००० वर पूर्ण ३५ वर्षं भरली असं धरलं तरी उत्तर येतं साडेसात हजार. प्रत्यक्षात आधीची बरीचशी वर्षं त्याहून कमी मर्यादेची, त्यामुळे हातात येते त्याहून बरीच कमी. किमान पेन्शन २०१४ साली ठरली, १,००० रुपये. आज तेवढ्यात घरचा एक गॅस सिलिंडर येतो आणि वर थोडी भाजी. बुलढाण्यात म्हातारी माणसं साखळी उपोषणाला बसली ती किमान साडेसात हजारांसाठी.

इथपर्यंतचं सरकारकडे मागायचं. पण ४ नोव्हेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला आणि पूर्ण पगारावर पेन्शन घेण्याचा पर्याय काही जणांना खुला झाला. त्यासाठी जुन्या पगाराचे तपशील भरायचं काम मालकाचं होतं. मालकांना मुदत पुन्हा पुन्हा वाढवून द्यावी लागली, शेवटची ३१ जानेवारी २०२५. म्हाताऱ्यांनी अर्ज वेळेत भरले होते, अडलं होतं ते ऑफिसात. माझ्या टेबलासमोर बसलेल्या एकाने तेव्हा विचारलं होतं, "मी ३० वर्षांत एकदाही पंच उशिरा मारला नाही. यांना एक कागद वेळेत भरता येत नाही का?"

आता शरीराकडे येतो.

मशीनसमोर आठ तास उभं राहणं पंचविशीत जाणवत नाही. पन्नाशीत टाच पहिल्या ब्रेकच्या आधीच बोलायला लागते. व्हर्नियरवरच्या रेघा चाळिशीनंतर एकमेकींत मिसळतात, त्यासाठी कुणाला आजारी असावं लागत नाही, डोळ्यांचं ते वयच असतं. आमच्याकडे एक जण मोजमाप घ्यायला जॉब उचलून खिडकीशी न्यायचा. त्याच्यावर जागा सोडल्याचा मेमो निघाला. तिथल्या तिथे एक दिवा आणि एक भिंग लावलं असतं तर माणूस जागेवर राहिला असता आणि मेमोचा कागदही वाचला असता.

बीएमडब्ल्यूने जर्मनीतल्या डिंगोल्फिंगच्या कारखान्यात २००७ साली एक लाइन मुद्दाम वयस्कर लोकांची केली. सरासरी वय ४७. दहा वर्षांनी आपले कामगार त्या वयाचे होणार, हे त्यांनी आधीच मोजलं होतं. मग त्याच कामगारांना विचारलं, काय हवंय? उत्तरं आली ती मामांनीही दिली असती. पायाखाली लाकडी फरशी. मधूनमधून टेकायला खुर्ची. बारीक भागांसाठी भिंग. आलटून पालटून काम, म्हणजे एकच सांधा दिवसभर झिजत नाही. असे सुमारे ७० छोटे बदल झाले आणि वर्षभरात त्या लाइनीची उत्पादकता ७ टक्क्यांनी वाढली. आपल्याकडच्या किती कारखान्यांत पन्नाशीच्या कामगाराला कुणी एकदा तरी विचारलंय, तुम्हाला इथे काय त्रास होतो?

खुर्चीचं म्हणाल तर आपल्याला जर्मनीला जायचीही गरज नव्हती. उभं राहून काम करणाऱ्याला संधी मिळेल तेव्हा बसता यावं म्हणून सोय ठेवा, असं १९४८ च्या कारखाने कायद्यातच होतं, कलम ४४. दुकानांतल्या माणसांना तोच हक्क द्यायला केरळला २०१८ आणि तामिळनाडूला २०२१ उजाडलं. साड्यांच्या दुकानात सकाळी दहापासून उभ्या असलेल्या पन्नाशीच्या बाईकडे बघा. गिऱ्हाईक नाही, दुकान रिकामं, तरी ती उभी. बसलेला माणूस आळशी दिसतो, हे मालकाच्या डोक्यातून जात नाही.

आणखी एक गोष्ट उघडपणे कुणी बोलत नाही. पन्नाशीचे लोक आजार लपवतात. बीपीची गोळी टॉयलेटमध्ये जाऊन घेतात. साखर वाढली तर बायकोला सांगतात, सुपरवायझरला नाही. कारण एकदा कळलं की पुढच्या व्हीआरएसच्या, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीच्या, यादीत नाव पहिलं. नव्या कामगार संहितांमध्ये चाळिशीच्या पुढच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत तपासणी आली आहे. चांगलंच आहे. पण माझ्याकडे येणाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, रिपोर्ट कुणाकडे जाणार? रिपोर्ट बघून काम हलकं करणार की रिपोर्ट दाखवून घरी पाठवणार? या प्रश्नाचं उत्तर कंपनीने नोटीस बोर्डावर लेखी लावावं. नाहीतर लोक तपासणीच्या दिवशी रजा टाकतील.

आता ज्याला एक पैसाही लागत नाही त्याविषयी. मराठीत आदर क्रियापदात असतो. "ये" आणि "या", "कर" आणि "करा". २६ वर्षांचा इंजिनिअर साहेब होऊन येतो आणि ५४ वर्षांच्या माणसाला फ्लोअरवर सगळ्यांसमोर म्हणतो, "ए मामा, इकडे ये." मामा म्हणणार आणि वर "ए" लावणार. त्याच इंजिनिअरच्या वयाचा मुलगा मामांच्या घरी आहे आणि तो बापाला "अहो बाबा" म्हणतो. हल्ली व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची भर पडली आहे. रिजेक्ट झालेल्या जॉबचा फोटो, खाली लाल अक्षरांत ऑपरेटरचं नाव, दीडशे लोकांच्या ग्रुपवर. पंचविशीतला पोरगा त्यावर हसतो, दुसऱ्या दिवशी विसरतो. पंचावन्नचा माणूस त्या रात्री जेवत नाही. मी बघितलंय. चूक दाखवू नका असं कुणीच म्हणत नाही. बाजूला घेऊन दाखवा, आणि "बघा" म्हणा.

शिकण्याचंही तेच. नवीन सीएनसी आली की ट्रेनिंगच्या यादीत पस्तिशीच्या आतली नावं. का, तर म्हाताऱ्यांना आता काय शिकवायचं, चार वर्षं उरली. चार वर्षं म्हणजे हजाराच्या वर पाळ्या. चिपचा रंग बदलला की इन्सर्ट गेला, हे अलार्म वाजायच्या आधी ज्याला दिसतं, त्याला ऑफसेट टाकायला किती दिवस लागतात? मला अकरा दिवस लागले, ४८ व्या वर्षी, आणि शिकवणारा पोरगा २३ चा होता. त्याने एकदाही "सोडा काका, मी करतो" म्हटलं नाही. मी चुकेपर्यंत थांबायचा, मग दाखवायचा. त्या पोराइतकी समज मला वरच्या केबिनमध्ये कधी दिसली नाही.

मालकांची बाजू मला ठाऊक आहे. एका जुन्या परमनंट माणसाच्या पगारात दोन-तीन ट्रेनी येतात. आकडा खरा आहे. करार झाला की जुन्याचा पगार आणखी वाढतो, स्पर्धा मोठी आहे, तेही खरं. पण मग हिशोब पुरता करा. ५१ व्या वर्षी व्हीआरएस देऊन घरी बसवलेला माणूस सहा महिन्यांनी ठेकेदाराकडून त्याच गेटातून आत येतो, वेगळ्या रंगाचा शर्ट घालून, तेच मशीन चालवायला, निम्म्याहून कमी पैशात. त्याची पेन्शन ५८ ला सुरू व्हायची असते. आधी हवी असेल तर दर वर्षामागे ४ टक्के कापून घ्या. म्हणजे कंपनीला त्याचे हात हवे आहेत, फक्त त्याचं वय नको आहे. व्हीआरएसच्या कागदावर रक्कम मोठी दिसते. माझ्याकडे आलेल्यांपैकी बहुतेकांनी एकच सांगितलं, रक्कम कमी चालली असती, वर्षं हवी होती.

हे सगळं मोठ्या कारखान्यांविषयी वाचताना माना डोलवणं सोपं आहे. आता आपल्या घरात बघू, कारण तिथे मालक आपण आहोत.

घरकाम करणाऱ्या बाईला ग्रॅच्युइटी नाही, पीएफ नाही, रजेचा कागद नाही. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला तो पगार आणि रजेसाठी. महाराष्ट्रात घरकामगार मंडळाचा कायदा २००८ साली झाला. नोंदणी असलेल्या आणि वयाची ५५ वर्षं पूर्ण केलेल्या बाईला सन्मानधन म्हणून १०,००० रुपये मिळतात, एकदा. बाकी सगळं आपल्या मर्जीवर. आणि आपली मर्जी कशी असते? ती तरुण असताना पगार वाढवून मागते, आपण शंभर रुपयांवरून घासाघीस करतो. ती पन्नाशीची झाली की मागणं थांबवते, आणि आपल्याला वाटतं, समाधानी आहे.

आमच्याकडे मावशी १९ वर्षं येतात. भांडी आणि फरशी, तीन हजार रुपये. एका रविवारी मी आणि बायको त्यांच्यासोबत बसलो. त्या नेहमीप्रमाणे दाराजवळ जमिनीवर. मी कॅल्क्युलेटर काढला. दुसऱ्यांचे हिशोब रोज करतो, आपल्या घरचा १९ वर्षांत केला नव्हता. ३,००० गुणिले १५, भागिले २६, गुणिले १९. ३२,८८५ रुपये. मी म्हटलं, "मावशी, कायद्याने आम्हाला हे बंधन नाही, पण हे तुमचे आहेत. दर महिन्याला तुमच्या नावाने पोस्टात टाकत जाऊ, काम सोडाल त्या दिवशी पुस्तक तुमच्या हातात."

त्यांनी आकडा पुन्हा विचारला. पदराने तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "दादा, ते तुम्ही द्याल तेव्हा द्या. पण खाली बसलं की मला आता उठवत नाही. भांडी झाल्यावर दोन मिनिटं टेकायला स्वयंपाकघरात एक खुर्ची ठेवाल का?"

जेवणाच्या टेबलाची चौथी खुर्ची आम्ही त्याच दिवशी ओट्याजवळ नेऊन ठेवली. तीन आठवडे झाले. मावशी येतात, त्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवतात आणि उभ्यानेच चहा पितात.